स्पीड शंभरचा, तरी गेम अडकतो: घरच्या वाय-फायचा बिघाड शोधायचा कसा?

"मामा, स्पीड टेस्टला ९४ दाखवतंय. तरी मी दर दोन मिनिटाला मरतोय."

मरतोय म्हणजे गेममध्ये. मे महिन्यातली दुपार, बाहेर ४२ अंश, आणि भाच्याचा हा फोन. जुळे सोलापुरात अक्काच्या घरी वरच्या खोलीत त्याचा गेमिंगचा संगणक आहे. दहावीच्या निकालावर कबूल झालेला, बारावीच्या निकालानंतर प्रत्यक्षात आलेला. राउटर खाली हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे. गोळी झाडली की अर्ध्या सेकंदानं सुटते, समोरचा शत्रू उभ्या जागी गोठतो आणि मग एकदम चार पावलं पुढे दिसतो. कस्टमर केअरला चार फोन झाले होते. चारही वेळा "राउटर बंद करून चालू करा" एवढंच उत्तर मिळालं होतं. शेवटी वैतागून दाजींनी शंभरचा प्लॅन दोनशेचा करायचं ठरवलं होतं.

मी सोलापुरात नेटवर्किंगची कामं करतो. सुट्टीच्या दिवसांत माझ्याकडे येणारे निम्मे फोन असेच असतात, आणि फोन करणारा बहुतेक वेळा चुकीच्या वस्तूवर पैसे खर्च करायच्या बेतात असतो. कोणी प्लॅन वाढवतो, कोणी आठ अँटेनांचा राउटर मागवतो. बिघाड कुठल्या टप्प्यात आहे हे मात्र कोणी पाहिलेलं नसतं. ते पाहायला एक पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो.

## स्पीड चांगला आहे, मग अडतंय कुठं?

स्पीड टेस्टमधला एमबीपीएसचा आकडा म्हणजे सेकंदाला किती माहिती येऊ शकते त्याचं माप. नळाच्या भाषेत, पाइप किती इंची. पण पाइप मोठा असणं वेगळं आणि हवं तेव्हा पाणी येणं वेगळं, हे सोलापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटर चालून शहरात येतं, पण नळाला रोज येत नाही. म्हणून घराघरात हौद, टाकी, पिंप. आलं की भरून ठेवायचं आणि पुढचे दिवस त्यावर काढायचे.

व्हिडिओ नेमकं हेच करतो. तुम्ही पाहताय त्याच्या पुढचा भाग तो आधीच उतरवून ठेवतो. मध्ये पाच सेकंद नेट गेलं तरी कळत नाही, कारण तुम्ही पिंपातलं पाणी वापरत असता.

गेमला पिंप नाही. पुढच्या क्षणी समोरचा डावीकडे पळणार की उजवीकडे, हे अजून घडलेलंच नाही, ते साठवणार कसं? व्हॅलोरंट या नेमबाजीच्या ऑनलाइन गेमचा सर्व्हर, म्हणजे सगळे खेळाडू ज्याला जोडलेले असतात तो कंपनीचा संगणक, सेकंदाला १२८ वेळा सगळ्या खेळाडूंची ताजी परिस्थिती मोजतो. म्हणजे साधारण दर आठ मिलिसेकंदांनी एकदा. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. यात येणारी-जाणारी माहितीची पाकिटं अगदी छोटी असतात. असल्या गेमला खेळताना सहसा एक एमबीपीएसही पुरून उरतो. प्लॅन दोनशेचा केला तर गेम डाउनलोड लवकर होईल, खेळताना काडीचा फरक पडणार नाही. हे ऐकून दाजींचा चेहरा खुलला.

## पिंग, जिटर, पॅकेट लॉस

तीन शब्द समजून घ्यावे लागतील, त्याहून जास्त नाहीत.

चादरीच्या गावात उदाहरण मागाचंच घ्यावं. जुन्या यंत्रमागावर धोटा आडवा धागा घेऊन या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि परत येतो. तुमच्या संगणकावरून निघालेलं पाकीट सर्व्हरला शिवून परत यायला लागतो तो वेळ म्हणजे पिंग. धोट्याची एक जा-ये. हा वेळ कधी २०, कधी २५, मध्येच १८० असा हेलकावत राहिला तर त्या हेलकाव्याला जिटर म्हणतात. ठोका चुकणारा माग. आणि धागाच तुटला, पाकीट पोहोचलंच नाही, तर तो पॅकेट लॉस.

लोक पिंगच्या मागे लागतात. माझ्या मते खरा छळ जिटरचा. पिंग कायम ६० असेल तर आठवडाभरात हाताला सवय होते. कधी २०, कधी १८० असेल तर सवय कशाची करायची?

सोलापूरहून किती पिंग रास्त मानायचा? मुंबई रस्त्यानं ४०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन नुसत्या प्रवासाला चार मिलिसेकंद. पण तार सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत ठिकठिकाणी यंत्रं थांबवून पत्ता विचारतात. म्हणून मुंबईच्या सर्व्हरला वीस-तीस दिसले तर लाइन उत्तम समजा. गेमनं तुम्हाला परस्पर सिंगापूरच्या सर्व्हरवर टाकलं असेल तर ते अंतर कुठलाही राउटर कमी करू शकत नाही. सेटिंगमध्ये मुंबई निवडली आहे ना, एवढं आधी पाहून घ्या.

## आधी दोन काळ्या खिडक्या उघडा

संपूर्ण लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

माहितीचा प्रवास दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा संगणक ते राउटर, हवेतून, घरातल्या घरात. दुसरा राउटर ते बाहेरचं जग, फायबरमधून. कस्टमर केअरला दुसऱ्याच टप्प्याशी देणंघेणं असतं, आणि घरातल्यांना दोन्ही मिळून एकच "नेट" वाटतं. भांडणाचं मूळ तिथेच आहे.

विंडोजच्या सर्चमध्ये सीएमडी लिहा, काळी खिडकी उघडेल. तिथे आयपीकॉन्फिग लिहून एंटर दाबा (अक्षरं आणि अंक सगळे अर्थात इंग्रजीत). यादीत डिफॉल्ट गेटवेसमोर जो पत्ता दिसेल तो तुमचा राउटर. बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आता लिहा: पिंग, मग एक जागा सोडून उणे चिन्हाला चिकटून टी, परत जागा सोडून हा पत्ता. दुसरी काळी खिडकी उघडून तेच लिहा, फक्त पत्ता ८.८.८.८ द्या. तो गूगलचा सार्वजनिक सर्व्हर आहे. दोन्ही खिडक्यांत दर सेकंदाला एक ओळ उमटत राहील. तसंच चालू ठेवून पंधरा मिनिटं खेळा आणि अडकलं की लगेच खिडक्या बघा. शेवटी कंट्रोल आणि सी दाबलं की किती पाकिटं गेली, किती हरवली याचा हिशेब मिळतो.

वाचायचं असं. राउटरच्या खिडकीत आकडे एक ते पाचच्या आसपास आणि स्थिर, पण बाहेरच्या खिडकीत उड्या असतील तर घरचं वाय-फाय निर्दोष आहे. दोन्हींत एकाच वेळी उड्या असतील तर बिघाड घरात आहे, आणि कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही. राउटरनं मिनिटाला एखादं उत्तर उशिरा दिलं तर त्याकडे दुर्लक्ष करा. पिंगला उत्तर देणं हे त्याच्या दृष्टीनं बिनमहत्त्वाचं काम असतं.

भाच्याच्या राउटरच्या खिडकीत काय आलं? ३, ४, ३, २४०, ५, मग "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" (म्हणजे उत्तरच आलं नाही), मग १९०. संगणक आणि राउटर यांच्यात अंतर अकरा-बारा मीटर. म्हणजे मुंबईहून चारशे किलोमीटर माहिती नीट येत होती आणि घरातला जिना चढताना धापा टाकत होती.

## हवेत नेमकं होतं काय?

यंत्रमागाच्या शेडमध्ये कधी गेला असाल तर आठवा. दोन माणसं बोलतात कशी? ओरडून, आणि समोरच्यानं मान हलवली नाही तर तेच पुन्हा ओरडून. वाय-फाय असंच चालतं. पाठवलेलं पोहोचलं अशी मान समोरच्यानं डोलावली नाही तर उपकरण तेच पाकीट परत पाठवतं. पॅकेट लॉस त्यामुळे कमी दिसतो, पण प्रत्येक पुनरुक्तीला वेळ लागतो आणि तो पिंगमध्ये उमटतो. दर वेळी स्पीड टेस्ट चांगली आणि गेम खराब, याचं एक मोठं कारण हे.

दुसरा नियम शिष्टाचाराचा. एका चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एका ठरावीक रस्त्यावर, एका वेळी एकानंच बोलायचं. बोलण्याआधी कानोसा घ्यायचा, कोणी बोलत असेल तर थांबायचं. हा नियम फक्त तुमच्या घरापुरता नाही. शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनलवर असेल तर त्याचा पासवर्ड वेगळा असला तरी तुमच्या संगणकाला त्याच्या बोलण्यासाठी थांबावं लागतं. अक्काच्या वरच्या खोलीतून सतरा नेटवर्क दिसत होती. सतरा घरांच्या गप्पा एका ओट्यावर चाललेल्या, आणि त्यात आमच्या पोराला सेकंदाला शंभर वेळा मध्ये बोलायचं होतं.

## २.४ की ५, आणि त्या ५ चा मोबाइलशी काय संबंध?

काही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण राउटरच्या नावापुढे "५जी" दिसलं की शेजारचे काका विचारतात, आमचा फोन ४जी आहे, चालेल का? वाय-फायमधलं ५ म्हणजे ५ गीगाहर्ट्झ, लहरींचा पट्टा. मोबाइलचं ५जी म्हणजे मोबाइल सेवेची पाचवी पिढी.

वाय-फायचे आपल्या घरांत चालणारे मुख्य पट्टे दोन. २.४ गीगाहर्ट्झ लांब जातो, भिंती बऱ्यापैकी पार करतो, पण तिथे गर्दी आहे. आपल्याकडे त्यात १३ चॅनल दिसतात खरे, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. सतरा राउटर, तीन रस्ते. शिवाय ब्लूटूथचे हेडफोन, बिनतारी माउस आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे सगळे याच पट्ट्यात वावरतात.

५ गीगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं आपल्याकडे त्यातला आणखी मोठा भाग परवान्याविना वापरायला मोकळा केला. पण ही लहर भिंतीला लवकर हार मानते. आरसीसीचा एक स्लॅब आणि एक भिंत इथपर्यंत ठीक. जुन्या पेठांतल्या दगडी, हात-दीड हात जाडीच्या भिंतींपुढे तिचं काही चालत नाही.

गेमसाठी माझा सल्ला सरळ आहे: जिथवर ५ चा सिग्नल बरा आहे तिथवर ५ च. अनेक राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि संगणक आपल्या मनानं इकडून तिकडे उड्या मारतो, बऱ्याचदा सामन्याच्या मध्यात. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोघांना वेगळी नावं द्या, आणि गेमिंगच्या संगणकाला फक्त ५ चं नाव माहीत असू द्या. २.४ वापरायचाच असेल तर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली तर स्पीड टेस्टचा आकडा सुखावतो, पण शेजाऱ्यांशी टक्करही वाढते.

५ मध्ये चॅनल निवडताना एक गंमत आहे. ५२ ते १४४ हे मधले चॅनल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. राउटरला रडारची चाहूल लागली की तो चॅनल सोडून पळतो आणि त्या क्षणी तुमचा गेम तुटतो. घरात बसून रडारची कसली काळजी, असं वाटेल. पण पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरच्या आकाशात कृत्रिम पावसाचे प्रयोग केले, तेव्हा ढग न्याहाळायला इथे सी-बँड रडार होतं. हवामानाची सी-बँड रडार ५.६ गीगाहर्ट्झच्या आसपासच काम करतात. तुमचा बिघाड रडारमुळेच असेल असं मी म्हणत नाही, शक्यता तशी थोडीच आहे. पण ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी चॅनल ठेवला तर हा प्रश्नच मिटतो, मग का ठेवू नये?

## "त्याच खोलीत मोबाइलवर तर मस्त चालतं!"

हा आक्षेप प्रत्येक घरात येतो, आणि रास्त आहे. फरक बसण्याच्या जागेचा आहे. मोबाइल हातात असतो, मोकळ्या हवेत. गेमिंगचा संगणक म्हणजे पत्र्याची पेटी, ती टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून. अँटेना त्या पाठीला. म्हणजे सिग्नलच्या वाटेत टेबल, पत्रा आणि सगळा ग्राफिक्स कार्डाचा संसार.

भाच्याच्या पेटीमागे वाकून पाहिलं तर अँटेनाच नव्हत्या. नुसते दोन पितळी स्क्रू. "अँटेना कुठंयत?" विचारलं तर म्हणाला, "कुठल्या?" माळ्यावरून मदरबोर्डचा खोका उतरवला, त्यात दोन काळ्या कांड्या प्लास्टिकच्या पिशवीत जशाच्या तशा. पंख्यांत सात रंगांचे दिवे लावायला पोरगं विसरलं नव्हतं! हसू नका, दहातल्या दोन घरांत मला हेच सापडतं. स्क्रूवर कांड्या बसवल्या, एक उभी एक आडवी केली, पेटी टेबलावर घेतली. एवढ्यानंच राउटरच्या खिडकीतले "टाइम्ड आउट" जवळपास थांबले.

ज्यांच्याकडे यूएसबीचा छोटा वाय-फाय डोंगल आहे त्यांनी एक वेगळी गोष्ट तपासावी. निळ्या तोंडाच्या यूएसबी ३ पोर्टमधून २.४ गीगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो. इंटेलनं २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केलं आहे. शेजारच्या निळ्या पोर्टात हार्ड डिस्क चालू असेल तर डोंगलचे हाल होतात. उपाय साधा: हातभर यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल पेटीपासून दूर, टेबलावर ठेवा.

विंडोजमध्ये दोन ठिकाणं बघायची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू दे" अशा अर्थाची खूण असेल तर काढा. आणि ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, कार्डाच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून ताजं घ्या. ठरावीक अंतरानं, घड्याळ लावल्यासारखी पिंगची उडी येत असेल तर कार्ड आजूबाजूची दुसरी नेटवर्क शोधत असण्याची शक्यता मोठी. ड्रायव्हरच्या प्रगत सेटिंगमध्ये रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस मिळालं तर ते सगळ्यात खाली आणा.

## "हिवाळ्यात तर नीट होतं की!"

हे अक्कानं विचारलं, आणि क्षणभर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पोरगा याच खोलीत बिनतक्रार खेळत होता. राउटर तोच, जागा तीच, अँटेना तेव्हाही खोक्यातच. मग बदललं काय?

जिना चढून वर जाताना गुडघ्याला लागला तो कूलर. मार्चमध्ये काढून जिन्याच्या वळणावर ठेवलेला, पत्र्याचा, पोटात साठ लिटर पाणी. राउटर आणि संगणक यांना दोरी बांधली असती तर ती बरोबर कूलरमधून गेली असती. पत्रा लहर परतवून लावतो आणि पाणी ती पिऊन टाकतं. आधीच अँटेनाशिवाय कसाबसा तग धरून असलेला सिग्नल तिथे पडला. कूलर दोन हात सरकवला आणि खिडक्या बघितल्या. मला तर खेळापेक्षा यातच जास्त मजा आली.

तुमच्याकडे कूलर नसेल तर लोखंडी कपाट असेल, फ्रिज असेल, मोठा आरसा असेल, गच्चीवरची टाकी असेल. तपासायची रीत तीच, मनातल्या मनात दोरी बांधायची.

उन्हाळ्याचा दुसरा जाच उष्णतेचा. बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात काम करायचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. सोलापुरात मेमध्ये सावलीतच त्याहून जास्त असतं, आणि राउटर असतो टीव्हीमागच्या बंद कप्प्यात, सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर, वरून विणलेला रुमाल. तो रुमाल काढा. राउटर उंचावर, मोकळ्यावर ठेवा.

## "रात्री नऊनंतरच का अडतं?"

दोन काळ्या खिडक्यांत राउटरचे आकडे शांत, पण बाहेरचे रोज ठरावीक वेळी चढत असतील तर लगेच कंपनीला फोन करू नका. त्या वेळी घरात कोण काय करतंय ते बघा. अक्काच्या घरी रात्री जेवणं झाली की तीन मोबाइल चार्जिंगला लागतात आणि दिवसभराचे फोटो, व्हिडिओ आपोआप वर चढवू लागतात. काही प्लॅनमध्ये वर पाठवायचा वेग खाली घ्यायच्या वेगापेक्षा कमी असतो. तो भरून गेला की राउटर येणारी पाकिटं रांगेत उभी करतो, आणि भाच्याची गोळी त्या रांगेत लग्नाच्या व्हिडिओमागे उभी राहते.

राउटर बनवणाऱ्यांनी पाकीट हरवू नये म्हणून ही रांग भलतीच लांब ठेवली. जिम गेटिस या अमेरिकी अभियंत्यानं २०१० च्या सुमाराला स्वतःच्या घरी हा प्रकार पकडला आणि त्याला बफरब्लोट असं नाव दिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर गच्चीवरची टाकी जितकी मोठी, तितकं तोटीतलं पाणी शिळं.

काही राउटरमध्ये यावर एसक्यूएम नावाची सोय असते. ती रांग छोटी ठेवते आणि लहान पाकिटांना पुढे सोडते. तिला वेग सांगताना प्लॅनच्या पूर्ण वेगापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी सांगायचा, म्हणजे रांग बाहेर न लागता राउटरच्या ताब्यात राहते. एसक्यूएम नसेल तर फुकटचा उपाय: फोटो चढवण्याची वेळ पहाटेची करा, आणि संगणकावर गेमचे अपडेट खेळताना उतरू देऊ नका.

## "एक्स्टेंडर लावू का? गेमिंग राउटर?"

एक्स्टेंडर मध्ये बसून ऐकतो आणि तेच पुन्हा ओरडून पुढे सांगतो. एकाच पट्ट्यावर ऐकणं आणि बोलणं दोन्ही करावं लागत असेल तर वेग साधारण निम्मा होतो आणि प्रत्येक पाकिटाला एक जास्तीचा थांबा पडतो. बाथरूममध्ये रील बघायला ठीक. गेमला नको. मेशचे संच, म्हणजे मिळून एकच नेटवर्क चालवणारे दोन-तीन डबे, याहून बरे असतात, खास करून ज्यांच्या दोन डब्यांमध्ये वायर टाकता येते. पण वायर टाकणारच असाल तर ती सरळ संगणकापर्यंत का नाही न्यायची?

लाल-काळ्या गेमिंग राउटरबद्दल एवढंच म्हणेन की पत्रा त्यालाही पत्राच आहे, आणि शेजारची सतरा नेटवर्क त्यालाही ऐकू येतात.

## शेवटी वायरच

वायरवर कानोसा नाही, पुनरुक्ती नाही, कूलर नाही. वायरवरून राउटरला पिंग करा, एक मिलिसेकंदाहून कमी येईल, तासभर. कॅट ६ ची केबल घराच्या कुठल्याही कोपऱ्याला पुरते. शंभर मीटरपर्यंत एक गीगाबिटचा वेग ती आरामात देते. दुकानात मागताना "प्युअर कॉपर" असं बजावून सांगा. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल दिसायला अगदी तशीच असते, पण वाकवली की मोडते.

"भिंत फोडायची नाही," अक्काचं ठाम मत. फोडावी लागली नाही. चपटी केबल दाराच्या चौकटीच्या कडेनं, जिन्याच्या कठड्याखालून खिळ्यांच्या क्लिपा मारत वर नेली. भिंतीचाच रंग असलेली पांढरी. तरी आठवडाभर येता-जाता ती त्या केबलकडे बघून उसासा टाकायची.

भाड्याचं घर असेल, मालक खिळा मारू देत नसेल, तर वाय-फायवरच राहावं लागेल. मग वर सांगितलेलं सगळं निमूटपणे करा: अँटेना, जागा, ५ चा पट्टा, चॅनल.

## आणि बिघाड खरंच बाहेरचा निघाला तर

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि भाच्याचा परत फोन. या वेळी तो शिकलेला होता. "मामा, राउटरला एकपेक्षा कमी येतंय. ८.८.८.८ ला शंभरात नऊ गळतायत. वायरवर आहे." फायबरच्या डब्यावर लॉस (इंग्रजीत एलओएस) लिहिलेला छोटा दिवा असतो. तो लाल लुकलुकला की काचेतून येणारा प्रकाश पोहोचत नाही, असा अर्थ. अधूनमधून, वारा सुटला की लुकलुकत होता.

कस्टमर केअरला फोन करताना "नेट स्लो आहे" म्हणायचं नाही. त्या वाक्यावर त्यांच्याकडे एकच ठरलेलं उत्तर असतं. आम्ही सांगितलं: संगणक केबलनं जोडलेला आहे, राउटरपर्यंत शून्य टक्के गळती, बाहेर नऊ टक्के, वाऱ्यात लॉसचा दिवा लाल होतो, दोन्ही खिडक्यांचे वेळेसकट फोटो पाठवतो, तक्रार क्रमांक द्या. पलीकडचा मुलगा थोडा वेळ गप्प बसला आणि राउटर बंद-चालू करायला न सांगता क्रमांक देऊन मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन माणूस आला. खांबावरून घराकडे येणारी काळी तार शेजारच्या कडुलिंबाच्या फांदीवर टेकलेली होती, आणि वाऱ्यानं घासून घासून एका जागी तिचं साल सोलून निघालं होतं. त्यानं तेवढा तुकडा कापून नवा जोड दिला, तार हातभर वर ओढून बांधली, आणि खाली उतरून चहा घेताना भाच्याला विचारलं, "ते दोन खिडक्यांचं काय करता तुम्ही? मला पण दाखवा की."